निम्म्या वाट्याची मालकीण

इटलीतल्या टस्कनीचा एक फोटो आपल्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलेला असतो. कॅलेंडरवर, ऑलिव्ह तेलाच्या बाटलीवर, नाहीतर कुणाच्या तरी लॅपटॉपच्या पडद्यावर. पिवळसर हिरवी टेकडी, तिच्यावर वळणं घेत चढणारी पांढरी वाट आणि वाटेच्या कडेनं ओळीत उभी सायप्रसची उंच झाडं. बघणाऱ्याला वाटतं, पाच-सहाशे वर्षांपूर्वी कुण्या सरदाराचे घोडे याच वाटेनं गेले असतील.

तसं काही नाही. ही वाट विसाव्या शतकातली. एका जमीनदार जोडप्यानं ती पाडून घेतली, झाडंही त्यांनीच लावली. त्याआधी तिथं उघडी, भेगाळलेली चिकणमाती होती आणि पावसात वाहून जाणाऱ्या घळी होत्या. जोडप्यातला नवरा इटालियन. बायकोचे वडील न्यूयॉर्कच्या गर्भश्रीमंत घराण्यातले अमेरिकन, आई आयर्लंडमधल्या इंग्रज उमरावाची मुलगी, जन्म इंग्लंडचा, वाढ इटलीतली. तिचं नाव आयरिस ओरिगो.

तिची ओळख बहुतेक ठिकाणी एका ओळीत उरकलेली असते: उमराव घराण्यातली, उच्चभ्रू वर्तुळात वावरणारी दानशूर बाई. यातलं खोटं काही नाही, पण कळतही काही नाही. उमराव म्हणजे नक्की काय? दान कुठल्या पैशातून? आणि दान घेणारी माणसं तिची कोण लागत होती? यातला तिसरा प्रश्न सगळ्यात अडचणीचा आहे, कारण तिच्या शाळेत शिकणारी मुलं आणि दवाखान्यात येणाऱ्या बाया तिच्याच जमिनीवर कसणाऱ्या कुळांच्या घरातल्या होत्या. त्यांनी पिकवलेल्या धान्यातला निम्मा वाटा दरवर्षी तिच्या कोठारात जायचा.

पदवीचा मुद्दा आधी मिटवून टाकू. आयरिस लग्नानंतर ‘मार्केझा’ झाली, म्हणजे मार्केझे या पदवीधारकाची बायको. सरदारकीच्या उतरंडीत ही पदवी ड्यूकच्या खाली आणि काउंटच्या वर येते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून अमेरिकेतल्या नवश्रीमंतांच्या मुली युरोपातल्या पदवीवाल्या घरांत सून म्हणून जाऊ लागल्या होत्या. एका बाजूला रेल्वेचा, पोलादाचा पैसा, दुसऱ्या बाजूला गळकं छप्पर आणि जुनं नाव. सोयरीक जुळायला अजून काय लागतं! आयरिसचं लग्न या साच्यातलं नव्हतं, ते तिच्या आवडीनं झालं. पण अमेरिकेचा पैसा आणि इटलीची पदवी हे दोन धागे तिच्याही संसारात होतेच. पुढं 1948 च्या इटालियन राज्यघटनेनं सरदारी पदव्यांना सरकारी मान्यता उरणार नाही असं लिहून टाकलं. तिथून मार्केझा हा शब्द निव्वळ सवयीचा आणि अदबीचा राहिला. कायद्याच्या लेखी ती नुसती आयरिस ओरिगो.

पैसा आला आजोबांकडून. विल्यम बेयार्ड कटिंग हे न्यूयॉर्कचे मोठं नाव असलेले वकील आणि रेल्वेत पैसा कमावलेले गृहस्थ. बिटापासून साखर काढायच्या धंद्यातही त्यांनी हात घातला होता. लाँग आयलंडवर त्यांचा वेस्टब्रुक नावाचा मोठा बंगला आणि भोवती शेकडो झाडांचं उद्यान होतं. ते आज लोकांना खुलं आहे. त्यांचा मुलगा, म्हणजे आयरिसचे वडील, हुशार, राजनैतिक सेवेतले आणि क्षयानं पोखरलेले. 1908 च्या डिसेंबरात सिसिलीतलं मेसिना शहर भूकंपानं भुईसपाट झालं तेव्हा अमेरिकेच्या मदतकार्यासाठी ते तिकडे गेले होते. 1910 मध्ये इजिप्तमध्ये त्यांचं निधन झालं. आयरिस तेव्हा सात वर्षांची होती. मुलीला अशा ठिकाणी वाढवा, की अमुक देशाची म्हणून तिला कुणी बांधून घालणार नाही, अशी त्यांची इच्छा होती. राष्ट्राराष्ट्रांचा अभिमान माणसांना दुःखी करतो, हे त्यांचं मत. या माणसाच्या मुलीला पुढं आपल्याच तीन देशांमधल्या युद्धात, दोन्हीकडच्या सैनिकांना दार उघडावं लागणार होतं.

आईनं फ्लॉरेन्सजवळ फिएझोले इथला व्हिला मेदिची घेतला. पंधराव्या शतकात मेदिची घराण्यानं बांधलेला. शेजारी कलासमीक्षक बर्नार्ड बेरेन्सन, घरात विद्वानांची ये-जा, मुलीला लॅटिन आणि ग्रीक शिकवायला खास शिक्षक. सोळा-अठरा वर्षांची झाल्यावर तिला रिवाजाप्रमाणे ‘समाजात आणलं’, म्हणजे मेजवान्या आणि नाच यांतून लग्नाच्या बाजारात उभं केलं. तेही एकदा नाही, तीनदा: फ्लॉरेन्सला, लंडनला, न्यूयॉर्कला. तिन्ही ठिकाणी ती थोडी परकीच ठरली. ज्या वर्तुळावरून तिला उच्चभ्रू म्हणतात, त्या वर्तुळात तिचा जीव कधी फारसा रमला नाही.

मार्च 1924 मध्ये तिनं आंतोनिओ ओरिगोशी लग्न केलं. तो तिच्याहून दहा वर्षांनी मोठा, देखणा आणि शेतीच्या नादानं झपाटलेला. दोघांनी फिएझोलेच्या बागा मागं टाकून दक्षिण टस्कनीत, वाल दोर्चा नावाच्या खोऱ्यात ला फोचे ही जमीन घेतली. मुद्दाम वाईट जमीन निवडली म्हणा ना. समोर मोंते अमियाता हा विझलेला ज्वालामुखी, मधे राखाडी मातीच्या उघड्या टेकड्या. उन्हाळ्यात दगडासारखी घट्ट, पावसाळ्यात चिखल होऊन ओघळणारी माती. रस्ते नाहीत, वीज नाही, टेलिफोन नाही. राहतं घर 1498 सालचं, सिएनाच्या एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयानं वाटसरूंसाठी आणि यात्रेकरूंसाठी बांधलेलं. म्हणजे ही वास्तूच मुळात दानधर्मातून उभी राहिलेली. त्या घरात पाणी मात्र नव्हतं.

इथं आता थोडं थांबून इटलीतली अर्धेली समजून घ्यायला हवी, कारण ती कळल्याशिवाय आयरिसबाईंचं दान कळत नाही.

मध्य इटलीत शतकानुशतकं चालत आलेल्या या पद्धतीला मेझ्झाद्रिया म्हणतात. ‘मेझ्झो’ म्हणजे अर्धा. मालकाची मोठी जमीन पंचवीस-पन्नास तुकड्यांत वाटलेली. प्रत्येक तुकड्यावर एक दगडी घर आणि त्या घरात एक भलंमोठं एकत्र कुटुंब. आजोबा, त्यांचे लग्न झालेले मुलगे, सुना, नातवंडं, कधी कधी वीस-वीस माणसं. कुटुंबप्रमुख तो कापोच्चा, घरातला बायकांचा आणि कोंबड्या-भाकरीचा कारभार बघणारी ती मास्साइया. जमीन, घर आणि मुख्य भांडवल मालकाचं, राबणूक कुटुंबाची. गहू, द्राक्षाची वारुणी, ऑलिव्हचं तेल, वासरं-डुकरं, जे काही निघेल ते निम्मं निम्मं. आपल्याकडे अर्धेलीनं शेत लावतात तसंच, पण इथं नुसतं शेत नाही, अख्खं कुटुंब लावलेलं असायचं.

सगळ्या घरांच्या मधोमध मालकाची ‘फात्तोरिया’: कोठारं, तेलाचा घाणा, तळघरातली पिंपं आणि हिशेबाची खोली. तिथला कारभारी म्हणजे फात्तोरे. दिवाणजीच म्हणा. काय पेरायचं, बैल कधी विकायचा, कुणाच्या शेतात कधी मळणी, हे सगळं तो ठरवायचा. प्रत्येक कुळाचं एक खातेपुस्तक असे. त्यात जमा-नावे लिहून वर्षअखेरी हिशेब मिटवायचा. लिहिणारा दिवाणजी, आणि ज्याचा हिशेब तो बहुतेक निरक्षर.

समजा एका घराच्या शेतात शंभर पोती गहू झाला. पुढच्या पेरणीचं बी बाजूला काढलं, उरलेल्यात निम्मं मालकाचं. कुळाच्या निम्म्यातून वर्षभराची भाकरी. मधे बैल मेला किंवा हिवाळ्यात धान्य कमी पडलं तर मालकाच्या कोठारातून उचल, ती खात्यावर चढणार. दोन वर्षं गारपीट झाली की कुळ कायमचं देणेकरी. वर सणावाराला ठरलेली भेट: नाताळला खस्सी कोंबडे, ईस्टरला अंडी. घरातल्या पोराचं लग्न करायचं तर मालकाला विचारायचं, कारण खाणारं तोंड वाढलं की राबणारे हात आणि जमीन यांचं गणित बदलतं. मालकाला कुळ नको झालं तर नोटीस, आणि मग वर्षाच्या ठरल्या दिवशी बैलगाडीत संसार भरून दुसऱ्या मालकाच्या दारात.

ही निव्वळ लूट होती का? तितकं सरळ नाही. वाईट वर्षाचं नुकसानही निम्मं निम्मं होई. शेतमजुराला काम नसलं की उपाशी राहावं लागे. अर्धेलीच्या कुळाला निदान छप्पर आणि भाकरीची हमी असे. ही पद्धत इतकी वर्षं टिकली ती यामुळंच. तिची खरी खोट वेगळीकडे होती. मालक चांगला निघाला तर कुळाचं भलं, वाईट निघाला तर हाल. हक्क म्हणून हातात काहीच नाही. सगळं मालकाच्या दानतीवर.

ओरिगो दांपत्य चांगल्या मालकांपैकी होतं. त्यांनी पडकी घरं बांधून काढली, नवी उभारली, रस्ते केले, घळींना बांध घातले, मातीच्या टेकड्या फोडून नांगराखाली आणल्या. जमीन वाढत वाढत सात हजार एकरांच्या घरात गेली, कुळांची घरं पन्नासाच्या वर. आता बघा, टेकडी लागवडीखाली आली की गहू वाढतो. गहू वाढला की कुळाचं निम्मं वाढतं आणि मालकाचंही निम्मं वाढतं. याला उपकार म्हणायचं की गुंतवणूक? माझ्या मते दोन्ही. आणि हे दोन धागे वेगळे काढता येत नाहीत, म्हणूनच अर्धेलीतल्या मालकाला आपण फार भले आहोत असं वाटून घेणं सोपं जायचं.

शिवाय हा सगळा खर्च त्यांच्या एकट्याच्या खिशातून झाला नाही. मुसोलिनीच्या राजवटीला गव्हाचं उत्पादन वाढवायचं होतं. 1925 पासून ‘गव्हाची लढाई’ जाहीर झाली होती आणि पडीक जमिनी लागवडीखाली आणायला सरकार भरघोस अनुदान देत होतं. वाल दोर्चातल्या जमीनदारांनी मिळून संघ काढला होता आणि त्यात आंतोनिओ पुढं होता. त्याला शेतीपुरती ही राजवट सोयीची वाटत होती. आयरिसही त्या वर्षांत राजकारणापासून अंग चोरून राहिली. तिची भक्ती करणारे लेख हा भाग पटकन ओलांडून जातात. ओलांडू नये. त्या सुंदर टेकड्यांत हुकूमशाहीचा पैसा मुरलेला आहे.

पाण्याची गोष्टही सांगण्यासारखी आहे. घरात पाणी नव्हतं, तेव्हा बाग कुठून असणार? ते आलं अमेरिकेतून, म्हणजे पैसे तिथून आले. न्यूयॉर्कच्या आजीनं नातीला भेट दिली ती दूरच्या डोंगरातल्या झऱ्यापासून घरापर्यंत नळ टाकायचा खर्च. दागिने देणाऱ्या आज्या पुष्कळ असतात, नळ देणारी विरळाच. मग इंग्रज वास्तुरचनाकार सेसिल पिन्सेंटनं घराच्या उतारावर टप्प्याटप्प्यानं बाग आखली: कातरलेल्या झुडपांच्या भिंती, लिंबांच्या कुंड्या, दगडी जिने. ती बाग आजही लोक तिकीट काढून बघतात. कुळांच्या बायका तेव्हा कुठून पाणी भरत होत्या, हे बागेत फिरताना कुणाच्या मनात येत असेल का?

आयरिसचं स्वतःचं काम मुलांभोवती उभं राहिलं. खोऱ्यात बहुतेक माणसं निरक्षर होती. तिनं कुळांच्या मुलांसाठी शाळा काढली, मोठ्यांसाठी रात्रीचे वर्ग सुरू केले. आणि मग 1933 मध्ये तिचा एकुलता एक मुलगा, जान्नी, सात वर्षांचा, क्षयामुळं झालेल्या मेंदूज्वरानं गेला. ज्या रोगानं बाप नेला, त्याच रोगानं मुलगा. त्याच्या आठवणीत तिनं जमिनीवर दवाखाना उभारला, तिथं कायमची परिचारिका नेमली. शेजारच्या डॉक्टरपर्यंत पोचायला बैलगाडीनं तासन्‌तास लागायचे, अशा ठिकाणी बाळंतपणात आणि तापात या दवाखान्याचं मोल काय असेल, ते वेगळं सांगायला नको. इथं गुंतवणुकीचा धागा मला तरी दिसत नाही. मुलगा गेल्यावर ती पुस्तकांकडेही वळली. चरित्रं लिहू लागली आणि त्यात नाव मिळवलं.

1940 मध्ये इटली ब्रिटनविरुद्ध युद्धात उतरली, पुढच्या वर्षी अमेरिकेविरुद्ध. आयरिस लग्नामुळं कायद्यानं इटालियन. तिच्या आईच्या माणसांचा देश शत्रू, वडिलांचाही शत्रू. रोममध्ये तिनं रेड क्रॉसच्या युद्धकैद्यांच्या कचेरीत काम केलं. कोण जिवंत आहे, कोण कुठल्या छावणीत आहे, हे शोधून घरच्यांना कळवायचं काम. मग 1943 च्या सुरुवातीला जेनोआ आणि तुरिन या शहरांवर बॉम्ब पडत असताना तिथली मुलं ला फोचेला येऊ लागली. एकूण 23 मुलं. काहींची घरं गेली होती, काही बॉम्बच्या आवाजानं गप्प झाली होती. तिनं त्यांना शिशुशाळेच्या इमारतीत ठेवलं. स्वतःच्या पदरी एक लहानगी मुलगी आणि पोटात दुसरं मूल. या महिन्यांत ती रोजनिशी लिहीत होती. युद्धानंतर ती छापली गेली आणि आज आयरिसचं नाव मुख्यत्वे त्या रोजनिशीमुळं टिकून आहे.

त्याच जमिनीवर सरकारनं पन्नासेक ब्रिटिश युद्धकैदी शेतकामाला ठेवले होते. 8 सप्टेंबर 1943 ला इटलीनं दोस्त राष्ट्रांशी, म्हणजे ब्रिटन-अमेरिकेच्या बाजूशी, तह जाहीर केला आणि एका रात्रीत सगळं उलटंपालटं झालं. कैद्यांना सोडून दिलं, ते रानात पांगले. दोन-चार दिवसांत जर्मन सैन्यानं देशाचा ताबा घेतला आणि फर्मान निघालं: पळालेल्या कैद्याला थारा देणाऱ्याला गोळी, पकडून देणाऱ्याला इनाम.

पुढचे नऊ महिने वाल दोर्चात जे चाललं, त्यामुळं दानाचा नेहमीचा उतार सपाट झाला असं मला वाटतं. एरवी दान वरून खाली येतं. इथं रानात लपलेल्या ब्रिटिश पोराला भाकरी कोण देत होतं? बव्हंशी अर्धेलीची कुळं. स्वतःच्या निम्म्या वाट्यातून. कैदी एका घरी जेवायचा, दुसऱ्या घराच्या गोठ्यात झोपायचा, तिसऱ्या घरचा पोरगा त्याला पुढची वाट दाखवायचा. त्या कुटुंबांना इंग्रजी येत नव्हतं, त्यांचीच मुलं रशियात नाहीतर आफ्रिकेत बेपत्ता होती. आपल्या पोराला तिकडं कुणीतरी असंच दोन घास देत असेल, हा त्यातला हिशेब. आयरिसनंही रोजनिशीच्या प्रस्तावनेत या माणसांनाच मोठेपण दिलं आहे. मागणारा आणि जमेल तशी मदत करणारा यांच्यातलं नातं सगळ्यात साधं, असं तिचं म्हणणं.

तिचा स्वतःचा दिवस कसा जायचा? सकाळी जर्मन अधिकारी दारात: खोल्या द्या, बैल द्या. दुपारी मागच्या बाजूनं कुणी पळालेला कैदी: बूट द्या, नकाशा द्या. रात्री जर्मनांविरुद्ध लढणारे रानातले बंडखोर: गहू द्या, बंदुका असतील तर त्या द्या. मधे 23 मुलांचं खाणं, कपडे, खरूज, ताप. एकाला दिलेलं दुसऱ्याला कळलं की संपलं. पदवी, ओळखीपाळखी, चार भाषा आणि मोठ्या घरात वाढल्यामुळं अंगात आलेला रुबाब या सगळ्याचा तिनं इथं ढालीसारखा वापर केला. आयुष्यभर फुकट मिळालेल्या गोष्टी पहिल्यांदाच खऱ्या अर्थानं कामाला आल्या.

1944 च्या जूनमध्ये रोम दोस्तांच्या हाती गेलं आणि आघाडी उत्तरेकडे सरकत थेट ला फोचेवर आली. मुलं, कुळं, आजूबाजूचे निराधार, सगळे तळघरात. वर तोफा. 22 जूनला जर्मनांनी घर रिकामं करायला सांगितलं. मग साठेक माणसं पायी निघाली. त्यात 28 मुलं आणि चार तान्ही बाळं. बाळांसाठी एक ढकलगाडी, बाकी जे हातात मावेल ते. प्रत्येक मुलाजवळ स्वतःचा कोट. रस्त्याच्या कडा सुरुंगांनी भरलेल्या, म्हणून सूचना: मधोमध चाला, आणि घोळक्यानं चालू नका, वरून विमानाला सैनिक वाटाल. तोफगोळे जवळ पडू लागले की उभ्या गव्हात आडवं व्हायचं, थांबले की उठून पुढं. असे तास न्‌ तास, डोंगरावरच्या मोंतेपुल्चानो गावापर्यंत. गावाच्या तटावरून लोकांनी हा तांडा येताना पाहिला, ते उतारावरून धावत खाली आले, मुलांना खांद्यावर घेतलं आणि घरोघरी वाटून नेलं. कुणी विचारलं नाही कोण कुठले. आठवड्याभरात दोस्त सैन्य पोचलं.

या आघाडीवर मराठी माणसंही होती. मोंतेपुल्चानो मोकळं झाल्यावर दोन आठवड्यांच्या आत, 10 जुलै 1944 ला, तिथून सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटरवर तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांनी एकट्यानं जर्मन मशीनगनचं ठाणं घेतलं आणि तिथंच गोळी लागून ते पडले. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा बाविशीतला तरुण, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. मोंतोने गावात 2023 मध्ये त्यांचं स्मारक झालं, सूर्यघड्याळाच्या रूपातलं. आयरिसची आणि त्यांची गाठ पडण्याचा प्रश्नच नव्हता. पण त्या उन्हाळ्यात टस्कनी आणि उंब्रियाच्या उभ्या गव्हातून कोकणातली मुलंही पुढं सरकत होती, हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

ओरिगो परत आले तेव्हा घर लुटलेलं, छप्पर फुटलेलं, बागेत सुरुंग. कुळांची जनावरं गेलेली. पुन्हा बांधकाम सुरू झालं, पण जुनं नातं काही पुन्हा बांधता आलं नाही. युद्धातून परतलेल्या पोरांना निम्मा वाटा मान्य नव्हता. टस्कनीच्या खेड्यापाड्यांत कम्युनिस्टांचे लाल झेंडे लागले. 1946 मध्ये पंतप्रधान दे गास्पेरी यांच्या निवाड्यानं कुळाचा वाटा 53 टक्के केला. मग 1964 च्या कायद्यानं तो 58 वर नेला आणि नवे अर्धेलीचे करार करायलाच बंदी घातली. 1982 मध्ये उरलेसुरले करार खंडाच्या भाड्यात बदलता येतील अशी तरतूद झाली.

आकडे वाचून वाटतं, कुळं जिंकली. पण तोवर जिंकण्यासारखं शेतात फार उरलं नव्हतं. तरुण माणसं आधीच कारखान्यांकडे गेली होती. ट्रॅक्टरला वीस माणसांचं कुटुंब लागत नाही. आणि महिन्याला रोख पगार देणाऱ्या गिरणीत मालकीणबाईंना लग्नाचं विचारावं लागत नाही. ज्या शाळेत ती पोरं शिकली, त्या शाळेनंच त्यांना बाहेर जायची वाट दाखवली असणार. चांगल्या मालकाच्या दानाची ही गंमत आहे. ते खरंच चांगलं असेल तर घेणाऱ्याला मालकाची गरज उरत नाही.

आयरिसचं सगळ्यात गाजलेलं चरित्र 1957 चं. त्याचा नायक प्रातो गावचा चौदाव्या शतकातला व्यापारी फ्रांचेस्को दातिनी. या माणसानं एक कागद टाकला नाही. दीड लाखाच्या आसपास पत्रं आणि पाचशेच्या वर हिशेबाच्या वह्या मागं उरल्या. वह्यांवर त्याचं बोधवाक्य असे: देवाच्या नावानं आणि नफ्याच्या नावानं. 1410 मध्ये मरताना त्यानं संपत्ती गावच्या गोरगरिबांसाठीच्या संस्थेला देऊन टाकली. खातेवह्यांच्या घरात जन्मभर राहिलेल्या बाईला हा माणूस आतून कळला, यात नवल नाही. ‘नफा’ आणि ‘देव’ एकाच पानावर लिहिताना त्याचा हात थरथरला नव्हता. तिचा मात्र थोडा थरथरत असावा, असं तिचं लिखाण वाचून वाटतं.

आंतोनिओ 1976 मध्ये गेला, आयरिस 28 जून 1988 ला. दोघांना ला फोचेच्या छोट्या स्मशानभूमीत, जान्नीच्या शेजारी ठेवलं आहे.

वाल दोर्चाला 2004 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली. प्रवासी गाड्या थांबवून सायप्रसच्या वाटेचे फोटो काढतात. टेकड्यांवर विखुरलेली कुळांची दगडी घरं आता आठवड्याच्या भाड्यानं पाहुण्यांना मिळतात. खाली जिथं बैलांचा गोठा असायचा, तिथं बऱ्याच घरांत दिवाणखाना केलेला असतो, आणि गव्हाणीच्या जागी सोफा.